पेनसिल्व्हेनियाची थंडी

साजगावच्या आमच्या रोलिंग मिलमध्ये एक गृहस्थ होते. त्यांना थंडी वाजायची ती पेनसिल्व्हेनियातली. एप्रिल महिना, शेडचे पत्रे तापलेले, भट्टीपुढची माणसं गंजीवर काम करताहेत, आणि हे माकडटोपी घालून गेटातून आत यायचे.

गेटवरचा वॉचमन आतल्यांना हाळी द्यायचा, "अमेरिका आली रं!"

मग भट्टीवाला विचारायचा, "काका, काय हवा तिकडं?"

"बर्फ पडलाय. गुडघाभर."

"मंग आमाला स्वेटर वाटा की कंपनीतून."

"तुला नाय वाजणार रं ती थंडी. शेठला वाजंल. बघ तू, महिनाभरात."

टोपी असली की तिकडे थंडी. मानेवर ओला पंचा असला की तिकडे उन्हाळा पेटलेला. दोन्ही नसलं की तिकडची हवा बरी, आणि त्या दिवशी ते डब्यातल्या चपात्या संपवून माझ्या डब्यात हात घालायचे. मिलमधली पोरं टोपीवर चहाची पैज लावायची. मीही लावली आहे.

नव्या माणसाला हे वेड वाटायचं. वेड होतंच, पण त्याच्यामागे विचार होता. आमची मिल लोखंडाच्या कांड्या तापवून त्यांच्या सळया ओढायची. भट्टीला कोळसा लागायचा, दळून भुकटी करून आत फुंकलेला. काही वर्षांपासून आम्ही तो अमेरिकेचा, पेनसिल्व्हेनियाच्या खाणींतला घेत होतो. आच कडक, राख कमी. जहाजाने बंदरात उतरायचा आणि तिथून ट्रकने घाटपायथ्याला आमच्याकडे यायचा. त्याची सगळी खरेदी या गृहस्थांकडे होती. मी त्या मिलचा वर्क्स मॅनेजर.

सुरुवातीला मी त्यांना विचारलं होतं, "अहो, आपण खालापूर तालुक्यात बसलेली माणसं. तिकडं बर्फ पडला काय नि न पडला काय!"

ते कडावचे. शेतकऱ्याच्या घरातले, वाणिज्य शाखेतून शिकलेले. ऑफिसात शुद्ध बोलायचे, पण विषय तापला की कडाव तोंडात यायचं.

"साहेब, आमच्या घरी म्हशी आहेत. घरात पाव्हणे आले की आई डेअरीला दूध कमी घालते. पाव्हणे गेले की कॅन भरून जातो. अमेरिकेचं तेच हाय. त्यांच्याकडं गॅस स्वस्त झाला, वीज त्याच्यावर निघते, घरात कोळसा कुणी पीत नाय. म्हणून तो बाहेर येतो. पण कडाक्याची थंडी पडली की गॅस महाग. मग त्यांचे ते विजेचे जुने कारखाने परत कोळसा मागाया लागतात. डेअरीला काय उरणार?"

"म्हणजे आपण डेअरी?"

"छ्या! डेअरी ते मोठे सिमेंटवाले. आपण डेअरीच्या दारात किटली घेऊन उभे."

हा माणूस नम्र नव्हता, हे आधीच सांगतो. मेल्यावर किंवा म्हातारपणी माणसाला लोक उगाच गोड करतात. हे चिडके होते, हट्टी होते आणि त्यांचा अंदाज चुकला तर ते मान्य करण्याची त्यांची पद्धत अशी होती, "अंदाज चुकला, पण कारण बरोबर होतं." एकदा त्यांनी तिकडच्या रेल्वेचा संप होणार म्हणून आम्हाला यार्ड भरायला लावलं. संप झाला नाही. मी चिडलो. त्यावर म्हणाले, "संपच होत नाय म्हणजे काय? ती काय शिस्त झाली का?"

त्यांच्या पिशवीत कोळशाचे खडे असायचे. नवा माल आला की एक फोडून उन्हात धरायचे, त्याची चकाकी बघायचे, बोटाने चोळायचे. त्याच पिशवीत डबा. वहिनी, म्हणजे त्यांची मंडळी, एकदा मिलच्या पूजेला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "भावजी, मला बघाया आले तवा पाच मिनटं बसले. पोहे पण टाकून गेले. त्या दगडाला मात्र तासभर बघत्यात."

"तुला बघून भाव ठरवायचा नव्हता ना," ते म्हणाले. वहिनी आठवडाभर बोलल्या नसतील, पण त्या दिवशी सगळ्यांबरोबर त्याही हसल्या.

एका वर्षी आम्ही मिलची सहल कोंडाण्याच्या लेण्यांना नेली. चढण चढून सगळे टेकले. कुणी लेण्यात गाणी म्हणतंय, कुणी भाकऱ्या सोडतंय. हे मात्र फोन वर धरून एका खडकावरून दुसऱ्या खडकावर. तिथे फोनला रेंज मिळत नव्हती. थोड्या वेळाने बघतो तर हे खाली निघालेले.

"अहो, रविवार आहे! बाजार बंद आहे तिकडचा!" मी ओरडलो.

"बाजार बंद आहे. हवा बंद आहे का?" असं वर न बघताच म्हणाले आणि एकटे उतरून गेले. त्यांचा डबा मी खाल्ला.

त्या काळजीची मला गंमत वाटायची. मला तेव्हा कळलं नव्हतं, की ज्या माणसाला दहा हजार मैलांवरची काळजी वाहता येते त्याचा सगळा भार एकाच गोष्टीवर असतो. आपलं डोकं ठिकाणावर आहे, यावर.

आणखी एक सवय सांगायची राहिली. यार्डात कोळशाचा ढीग असायचा. सकाळी आल्यावर ते एक लांब सळई त्या ढिगात खोचून ठेवायचे, रजिस्टरवर सही करून परत यायचे, सळई उपसायचे आणि तिचं टोक हाताच्या पंजाने धरायचे. ढीग आतून तापतोय का, हे त्यांना त्यावरून समजायचं. हा कोळसा गंधकाचा. उंच रचला, नीट दाबला नाही, वर पाऊस पडला की आतल्या आत धुमसू शकतो. शिवाय खरेदीचा निर्णय ते ऑफिसात कधी द्यायचे नाहीत. मला ढिगावर न्यायचे. पायाखाली कोळसा करकरतोय, बूट काळे होताहेत, आणि मग तिथे उभं राहून एकच शब्द, "घ्या," किंवा "थांबा."

"हे खाली सांगता येत नाही का?" मी म्हणायचो.

"खुर्चीत बसून कोळसा घेऊ नये, साहेब. खुर्ची गार असते."

आजही साजगावात किंवा खोपोलीत चहाच्या टपरीवर त्यांचा विषय निघाला तर माणसं हसतात. "अमेरिकेनं मिल जाळली," असं म्हणतात. त्यांनी नको तेव्हा भरमसाट कोळसा घ्यायला लावला, मिल त्यात अडकली, पुढे तोच कोळसा पेटला, पोरं घरी बसली, असा तो किस्सा आहे. त्यात टोपी, पंचा, सळई सगळं येतं. सांगणारे चांगले सांगतात. फक्त तो खोटा आहे. आणि तो पहिल्यांदा मी सांगितला.

आमच्या शेठना कोळशातलं कळायचं नाही, पण माणसं कळायची. ते मुंबईहून महिन्यातून एकदा यायचे. एकदा माझ्यासमोर म्हणाले, "मार्केट तो वो समझता है. आप तो मशीन समझते हो." बोलण्यात काही वाईट नव्हतं. खरंही होतं. पण ते माझ्यात रुतून बसलं. माझ्या हाताखालच्या माणसाने एक शब्द उच्चारावा आणि मी मान हलवावी, हे तोपर्यंत मला कधी खुपलं नव्हतं. त्या दिवसापासून खुपायला लागलं.

पुढे युरोपात युद्ध सुरू झालं. तिथल्या देशांनी रशियाचा कोळसा बंद केला आणि अमेरिकेचा उचलायला सुरुवात केली. "पंगतीत नवे पाव्हणे बसले," ते म्हणाले, आणि त्यानंतर बरेच महिने त्यांच्या तोंडावर हसू दिसलं नाही. भाव चढत गेला. आम्ही गरजेपुरता, हात आखडून घेत होतो. तो हिवाळा आला. नाताळाच्या सुमारास अमेरिकेत भयंकर थंडीची लाट आली, तेव्हा टोपी दिवसभर डोक्यावर. पण जानेवारी लागला तशी टोपी उतरली. मला ढिगावर घेऊन गेले आणि म्हणाले, "थांबा. हवा फिरतेय. युरोपातपण थंडी नाय. त्यांची गोदामं भरलेली हायत. हा भाव घसरणार. काय झालं तरी थांबा."

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, व्यापाऱ्याचा फोन माझ्याकडे आला. त्यांच्याकडे लागत नव्हता म्हणून माझ्याकडे.

"साहब, जहाज लोड हो रहा है. आधा माल बुक है. आपका हिस्सा अभी बोलो, नहीं तो तलोजावाला ले जाएगा. ठंड फिर से आ रही है उधर, भाव और चढ़ेगा."

माझ्या केबिनला काच होती. काचेतून मला त्यांचं टेबल दिसायचं. मी फोन कानाला लावूनच तिकडे बघितलं. ते टेबलावर कोपरं टेकून बसले होते आणि डोक्यावर माकडटोपी होती. कान झाकून, हनुवटीखाली बंद केलेली.

तिकडे परत थंडी पडली, असं मी समजलो. उठून पलीकडे जायचं, "काय म्हणता?" एवढं विचारायचं. मी गेलो नाही. एकदा तरी शेठना दिसू दे, की मलाही बाजार कळतो, असं मनात आलं. मी त्या टोपीकडे बघत व्यापाऱ्याला म्हणालो, "घेतो." आणि लहानसहान नाही, पावसाळा संपेपर्यंत पुरेल एवढा हिस्सा घेतला.

टोपी घातली होती ती कान फुटला होता म्हणून. आतून पू येत होता, वारं सोसत नव्हतं. अंगात ताप होता. दुपारी एका ड्रायव्हरने त्यांना कडावला घरी सोडलं, तेव्हा ते मला कळलं. तेव्हाही व्यापाऱ्याला फोन करून फिरवता आलं असतं. दिलेला शब्द मागे घेतला तर आपली किंमत काय, या विचारात मी गप्प बसलो.

ते बरेच दिवस आजारी होते. त्यात डावा कान कायमचा गेला. परत आले तेव्हा नेमके शेठ आलेले. तिकडचा हिवाळा ऊबदार निघाला होता, गॅस कोसळला होता, आणि कोळशाचा भाव त्यांनी सांगितल्याप्रमाणे उतरणीला लागला होता. आमचा महागातला माल मात्र समुद्रात होता.

"ये इतना कोयला किसने लिया?" शेठनी विचारलं.

ते माझ्याकडे वळले. कानात कापसाचा बोळा, चेहरा उतरलेला. "हो साहेब, कुणी घेतला? मी तर थांबा म्हणालो होतो."

मी आधी ठरवून काही बोललो नाही, एवढंच सांगू शकतो. तोंडातून बाहेर पडलं. "त्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, घ्या म्हणून. आजारी पडलात त्या सकाळी."

ते भांडतील असं मला वाटलं. ते भांडले असते तर मी कदाचित मागे हटलो असतो. पण ते आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या, डोळे जमिनीकडे. इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो होतो. मी खोटं बोलेन, हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही.

"मला तर... ताप होता त्या दिवशी," ते शेठना म्हणाले. मग हळूच, "म्हणालो असेन."

पाडव्याच्या आधी त्यांना कमी केलं.

जहाज आलं, ट्रक आले, यार्डात कधी नव्हता एवढा उंच ढीग उभा राहिला. आजूबाजूच्या मिला आमच्यापेक्षा कितीतरी स्वस्त माल घेऊन सळया विकत होत्या. आम्ही भट्टी अर्ध्या वेळेला चालवत होतो. मे संपताना ते एकदा गेटवर आले. मी केबिनमधून त्यांना बघितलं आणि इंटरकॉमवर वॉचमनला सांगितलं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हण."

थोड्या वेळाने वॉचमन आत आला.

"काका सांगत व्हते, ढीग लई उंच झालाय. उतरवून पसरा, वरनं रोलर फिरवा. ताडपत्री टाका. आन् सकाळी सळई घालत जा म्हंले."

"बरं."

"लई येळ उभे व्हते, साहेब. पानी पण नाय प्यायले."

"बरं म्हटलं ना."

ढीग उतरवायचा म्हणजे ते म्हणतात ते मानायचं. त्यांचं एक मानलं तर दुसरंही कुणी विचारेल, अशी मला भीती. मी काही केलं नाही. सळई यार्डाच्या भिंतीला टेकून गंजत राहिली.

आषाढात ढीग आतून धुमसायला लागला. पावसात धूर, आणि कुजक्या अंड्यांचा वास सगळ्या साजगावभर. माणसं नाकाला फडकी बांधून खोऱ्यांनी ढीग उकरत होती. उकरलं की वारं लागून आणखी पेट घ्यायचा. कोळसा वाहून नेणारा पट्टा जळला, दळायच्या यंत्राची शेड गेली. कुणाला इजा झाली नाही. पण भट्टी बंद झाली आणि कंत्राटावरची पोरं घरी गेली. त्यांतल्याच कुणीतरी म्हटलं, "अमेरिकेनं मिल जाळली." मी ऐकलं. खोडून काढलं नाही.

गणपतीच्या सुमारास दुसऱ्या एका मिलच्या मालकाचा मला फोन आला. आमचे हे गृहस्थ त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले होते.

"माणूस कसा आहे?" मालकांनी विचारलं.

"हुशार आहे," मी म्हणालो. "पण..."

पुढे मी काही बोललो नाही. बोलायची गरज पडली नाही. "समजलो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. अलीकडे मी मुद्दाम त्या मालकांना भेटायला गेलो. ते "पण" परत घ्यायचं होतं. त्यांनी चहा मागवला, बराच वेळ आठवून बघितलं आणि म्हणाले, "कोण हो? माझ्या तर लक्षातही नाही."

मी निवृत्त होऊन कर्जतला घरी बसलो, तरी मला वाटत होतं की एका माणसाची नोकरी गेली, एवढाच माझा दोष. कडावला घर आहे, भात आहे, म्हशी आहेत, पोट भरतंय, असं मी मनाला सांगायचो.

मग शिमगा नुकताच होऊन गेला होता, तेव्हाची गोष्ट. अमेरिकेत एका बंदराच्या तोंडाशी असलेल्या पुलाला मोठं जहाज धडकलं आणि पूल पाण्यात कोसळला. आमचा कोळसा त्याच बंदरातून यायचा. दुपारी टीव्हीवर ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला. नोकरी गेल्यापासून पहिला.

"साहेब, पूल पडला हो."

"हो, बघितलं."

"पुलावर माणसं होती. रात्रीची रस्त्यातले खड्डे बुजवत होती. आपल्या वॉचमनसारखी, पोटासाठी जागणारी." मग जरा थांबून, "बंदर बंद झालं. आतला कोळसा आत. तुमाला काय वाटतं साहेब, भाव चढंल?"

मी फोन घट्ट धरला. हा माणूस मला विचारत होता. रेल्वेचा संप झाला नाही तर संपाला नावं ठेवणारा माणूस.

"तुम्हीच सांगा की," मी म्हणालो.

"मला नाय सांगता येत आता. पहिलं वाटायचं, आतून यायचं. आता मी एक म्हणतो, मग वाटतं, आपण खरंच हे म्हणालो का? का दुसरंच म्हणालो? तुमी सांगा ना. चढंल?"

"चढेल," मी म्हणालो. थोडा चढला आणि मग उतरलाही. पण तो विषय नव्हता.

तरीही मी गेलो नाही. उन्हाळा झाल्यावर जाऊ, पावसाळा झाल्यावर जाऊ, असं करत राहिलो. एवढ्यात कर्जतच्या बाजारात आमचा जुना वॉचमन भेटला. तो त्यांच्याकडे जाऊन आला होता.

"काकांचं काय खरं नाय, साहेब. बाजारात भेंडी घ्यायची का गवार, ते पण काकीला विचारत्यात. घराला कुलूप लावलं का नाय, बघाया अर्ध्या वाटंतनं माघारी जात्यात. आमी हसतो आपलं."

त्या आठवड्यात मी कडावला गेलो.

ते ओटीवर बसले होते. वाळले होते. मला बघून उठले, खुर्ची पुसली. वहिनी बाहेर आल्या. "भावजी, किती वर्सांनी! बसा, चहा ठेवते."

"उजव्या बाजूला बसा साहेब," ते म्हणाले. "डाव्या कानानं ऐकू येत नाय."

मी खुर्ची हलवली. प्रवासभर शब्द जुळवून ठेवले होते, त्यातला एकही आला नाही.

"त्या दिवशी तुम्ही 'घ्या' म्हणाला नव्हतात," मी म्हणालो.

"कुठल्या दिवशी?" त्यांनी विचारलं, पण त्यांचा चेहरा बदलला होता. त्यांना तो दिवस बरोबर कळला होता.

"तुमचा कान फुटला होता. तुम्ही टेबलावर कोपरं टेकून बसला होतात. मी काचेतून तुमची टोपी बघितली आणि तिकडे थंडी पडली असं समजून व्यापाऱ्याला हो म्हणालो. तुम्हाला विचारलंच नाही. तुमच्याजवळ आलोसुद्धा नाही. पुढे शेठसमोर तुमच्यावर ढकललं."

त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला.

"परत सांगा."

मी परत सांगितलं. पहिल्यापेक्षा हळू, एकेक वाक्य.

"तुमी खोली वलांडून आलाच नव्हता?"

"नाही."

"मी मान पण हलवली नव्हती?"

"तुम्ही वरसुद्धा बघितलं नव्हतंत."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आत वहिनींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं. त्या दारात येऊन उभ्या होत्या.

"मी तो दिवस किती येळा उलटापालटा केला, तुमाला ठाव हाय?" ते म्हणाले. "पहिलं काय आठवायचं नाय. मग आठवाया लागलं. तुमी दारात उभे हायत, मला विचारताय, आन् मी म्हणतोय, घ्या. मला तर सोताचा आवाज ऐकू यायचा, साहेब. स्पष्ट. घ्या." त्यांनी मान वर केली. "मग तो आवाज कुणाचा व्हता?"

"माझा," मी म्हणालो. "शेठसमोर मी म्हणालो तो."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग वहिनींकडे वळले.

"ऐकलंस?"

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या.

"मी म्हणालो नव्हतो."

"हो. ऐकलं मी."

ते खुर्चीतून उठले. मीही उठलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं आणि त्यात माझ्यासाठी जागाही नव्हती.

वहिनी गडबडून म्हणाल्या, "अवो, चहा उकळलाय, कप भरते. का नको? काय करू?"

"नको," ते म्हणाले. "साहेब निघालेत."

वहिनी माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.